यमुताईचा पाठमोरा बोर्ड

वैद्याच्या धंद्यात सगळ्यात आधी खोकला शिकावा लागतो. पेशंट खोकतो तो वेगळा. हा वैद्यानं स्वतः खोकायचा. पेशंटनं दारात चप्पल काढली की आतून एक खोल, जाणता, "आलास का शेवटी" असा खोकला यायला पाहिजे. तेवढ्यानं निम्मा आजार उंबऱ्याबाहेरच राहतो. हे शास्त्र नागपूरच्या महाल भागातल्या भैय्याजींचं. त्यांच्या खोकल्यानं एकदा गांधीबागेतल्या एका शेटजींचा जुना दमा बसला, आणि शेटजी तेव्हा रस्त्याच्या पलीकडे पान खात होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. हे पटत नसेल तर पुढं वाचू नका, कारण पुढं याहून अवघड आहे.

मी बोर्ड रंगवणारा पेंटर. इतवारीत माझं टिनाचं शेड होतं. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्या शेडमध्ये भैय्याजी आणि खाप्याच्या बायजाबाई यांनी मिळून एक वर्ग काढला. ज्यांना जडीबुटीची थोडीफार माहिती आहे, त्यांना स्वतःचा दवाखाना टाकण्याइतकं पक्कं करायचं, असा तो वर्ग. दोघांचं आधी जमत नसे. पण भैय्याजींकडे पेशंट होते आणि झाडं ओळखता येत नव्हती. बायजाबाईंकडे झाडं होती आणि पेशंटशी गोड बोलता येत नव्हतं. अशी माणसं शेवटी एकत्र येतातच, नवराबायकोत काय दुसरं असतं?

बायजाबाई कन्हानच्या काठानं वाढलेल्या. त्यांना पाहून नदीकाठची झाडं उठून उभी राहत, असं खाप्याचे लोक सांगतात. मी गेलो तेव्हा सगळी उभीच होती, म्हणजे खरंच असणार. भैय्याजींची कीर्ती मात्र एकाच गोष्टीवर उभी होती: त्यांचं कोठाफोड चूर्ण. हिंगण्याच्या एका कारखान्यात मालक बोलणी अडवून बसला होता. कामगारांनी त्याच्या चहात चिमूटभर कोठाफोड टाकलं. मालकानं सगळ्या मागण्या दाराकडे पळता पळता मान्य केल्या.

वर्गाचा एक नियम होता, आणि या गोष्टीचं सगळं रामायण त्या नियमामुळं झालं. नव्या वैद्याचा बोर्ड मी रंगवायचा, पण तो टांगायचा भिंतीकडे तोंड करून. पहिला पेशंट गुण येऊन दारातून बाहेर पडला, की त्यानं स्वतःच्या हातानं तो फिरवायचा.

"औषध साऱ्याइचं सारखंच असते," भैय्याजी सांगत. "फरक हातगुणाचा. अन् हातगुण पहिल्या पेशंटवर समजते. बोर्ड फिरला त वैद्य, नाही फिरला त त्याच फळीचा पानठेला टाकाचा."

त्यांचं शिकवणं ऐकण्यासारखं असे. मी ब्रश धुण्याच्या निमित्तानं तिथंच बसायचो.

"पथ्याबिगर पेशंटले सोडाचं नाही. अन् पथ्य असं द्याचं, का त्याच्या बापाच्यानंही पाळल्या गेलं नाही पाहिजे. नागपुरात संत्र्याच्या दिवसात संत्रं बंद करा. गुण आला त आपलं औषध. नाही आला त त्याचं संत्रं."

"अन् एखाद्यानं खरंच पाळलं त, भैय्याजी?" असा प्रश्न मागून आला.

"त टोपलीभर संत्रे पाठवाचे त्याच्या घरी."

प्रश्न विचारणारी यमुताई रामटेके. आई सुईण होती, तिच्या हाताखाली पाला वाटत वाढलेली. पुढं बरीच वर्षं विड्या वळल्या, आणि या वर्गासाठी ते काम सोडून आली होती. तिची जागा तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या बाईनं घेतली, त्यामुळं परत जायला वाट नव्हती. जीभ अशी तिखट, की तिनं नुसतं वाचून दाखवलं असतं तरी माझा बोर्ड पोळला असता.

झाडांचे धडे बायजाबाई खाप्याला घेत. त्यांचीही एक रीत होती. उद्या जे झाड तोडायचं, त्याला आज संध्याकाळी जाऊन सांगून यायचं. सकाळी जाऊन तोडायचं, आणि तोडल्यापासून खलात पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की ते औषध वाया, पुन्हा संध्याकाळपासून सुरुवात.

सांगायला गेले तेव्हा बाकीच्यांनी झाडाला हळदकुंकू वाहिलं. यमुताई हात बांधून उभी.

"बाई, मी हे वाहत नाही. आमच्या घरी छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून हे बंद हाये."

"बरं मंग," बायजाबाई म्हणाल्या. "मले कुंकू पाह्यजे, असं झाडानं मले कधी सांगतलं नाही वं. नेण्याआधी विचाराचं, एवढंच. आपण कोणाच्या वावरातून काही आणतो त विचारत नाही का?"

"अन् तोंड बंद काहून ठेवाचं?"

"बोलणारं माणूस पाहत नाही, म्हणून. गप्पा मारत तोडशीन त एक तोडाले जाशीन अन् भलतंच आणशीन. मंग पेशंट जाईन वर अन् तू जाशीन आत."

यमुताईला पटलं. ती झाडापाशी गेली, खोडावर थाप मारली आणि म्हणाली, "उद्या येते गा. तयार राहाजो."

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग पालापाचोळ्याच्या गाठोड्यांसह तोंडं मिटून एस.टी.त चढला. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" कोणी बोलेना. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मुक्याइची शाळा हाये वाटते, बाप्पा!" त्यानं बसलेले पॅसेंजर उठवून यांना जागा दिली. सावनेरपर्यंत निम्मी गाडी डोळे पुसत होती. एका म्हातारीनं तर यमुताईच्या डोक्यावरून हात फिरवला, "लेकराइले कोन्या जन्माचं भोवलं वं माय!" यमुताईनं ओठ असे दाबून धरले होते की निळे पडले. पण बोलली नाही. या सहलीला भैय्याजी कधीच येत नसत. पोटाचं कोणतंही दुखणं ते बरं करत, पण गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

संक्रांत झाली, आणि काही दिवसांनी परीक्षा आली. भैय्याजींनी बाही वर करून हात पुढं केला. "माही नाडी पाहा अन् सांगा."

वर्गातल्या श्रीधरनं मनगट धरून डोळे मिटले. "हंसाची चाल हाये, भैय्याजी."

त्याच्या शेजारचा गोविंदा म्हणाला, "मले त ऐरावत चालून राहिला असा भास झाला."

भैय्याजी खूश. मग यमुताईनं मनगट धरलं, क्षणभर धरलं, आणि सोडलं.

"भैय्याजी, तुमचा कोठा जाम हाये."

शेडवरच्या टिनावर कावळा चालत होता, तोही थांबला.

"नाडीत दिसलं तुले?"

"नाडीत कशाले दिसाले पाह्यजे? शेडच्या मागं तुमचा लोटा कोरडा पडून हाये. कोळ्यानं त्यात जाळं बांधलं, अन् कोळी त्यात सुखानं संसार करून राहिला."

आता ही गोष्ट खरी होती, हेच तर दुखणं. कोठाफोड चूर्णाचा मालक आणि कोठा जाम! म्हणजे हलवायाच्या घरी पाहुण्याला फिका चहा. भैय्याजी वर्षानुवर्षं प्रत्येक घाण्यातली चिमूट स्वतः चाखून पाहत. पोटाला ती इतकी सवयीची झाली होती की आता मूठभर टाकली तरी आतून नुसता नमस्कार यायचा. पण हे चारचौघांत कोणी बोलावं?

"निघ!" भैय्याजी ओरडले. "तुह्या हाताले गुण नाही. तुहा बोर्ड या जन्मी फिरत नाही!"

"फिरत कसा नाही, पाहतेच मी," यमुताई उठत म्हणाली. "अन् तवर गरम पाणी पीत जा, भैय्याजी."

बायजाबाई कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण सुपारी बोटाएवढी जाड कातरली गेली.

यमुताईनं शहराबाहेर वाडी गावात खोली घेतली. अमरावती रोडवर, चंद्रभानच्या ट्रान्सपोर्ट गोदामाला लागून. बोर्ड मी रंगवून दिला, आणि तिनं तो नियमाप्रमाणं पाठमोराच टांगला. चंद्रभान माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे टायर फार होते आणि जागा कमी. तो म्हणाला, "ताई, होळीपर्यंत बोर्ड फिरला त खोली तुही. माह्या ड्रायव्हर लोकाइलेही वैद्य पाह्यजेच हाये. पण होळीपर्यंत एकही माणूस बरा नाही झाला, त मी टायर भरतो. मंग रडाचं नाही."

"रडीन कशाले? टायरच्या वर बसून दवाखाना चालवीन."

बोलायला बोलली. पण भैय्याजींनी इतवारीपासून वाडीपर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं की त्या बाईच्या हाताला गुण नाही. तिच्याकडे लोक येत ते पत्ता विचारायला, नाहीतर रेडिएटरमध्ये पाणी टाकायला. एक ड्रायव्हर खरोखरच डोकं धरून आला. त्यानं भिंतीकडे तोंड करून टांगलेला बोर्ड पाहिला आणि म्हणाला, "जिसका नाम ही मुँह छुपाके बैठा है, उससे क्या दवा लें?" आणि डोकं तसंच घेऊन अकोल्याला गेला.

होळीच्या आदल्या दिवशी मी चंद्रभानच्या एका ट्रकच्या पाठीवर 'बुरी नजरवाले' रंगवत होतो. 'तेरा मुँह' पर्यंत आलो असेन, तर एक संत्र्याचा ट्रक थांबला आणि त्यातून एक इसम सांभाळून, फार सांभाळून उतरला. उन्हाळा लागला होता, आणि याच्या तोंडाभोवती लोकरीचा मफलर. डोळ्यांवर काळा चष्मा. अंगात दुसऱ्याचा कोट. तो यमुताईच्या दाराशी गेला, चप्पल काढली, आणि सवयीनं त्याच्या घशातून तो खोकला निघाला. खोल, जाणता.

माझा ब्रश 'काला'च्या आधीच थांबला.

आतून यमुताईचा खोकला आला. तोही तसाच खोल, जरा जास्तच जाणता.

"या. कुठले म्हणाचे आपण?"

"मी... शिवनीचा. कापडाचा व्यापार हाये."

"बसा, शिवनीवाले. बाकावर बसाले जमन ना?"

"उभाच ठीक हाये."

मधे टिनाची भिंत, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. ऐकण्याचा माझा उद्देश नव्हता, म्हणूनच मी कान भिंतीला लावला.

"काय तक्रार?"

"वात हाये."

"वात त हत्तीलेही असते. कधीपासून बंद हाये ते सांगा."

मग आवाज आला, फार बारीक. "बाई, संक्रांतीचा तीळगूळ अजून आतच हाये."

बायजाबाईंकडे का नाही गेले, असं तुम्ही विचाराल. बायजाबाईंनी औषध दिलं असतं, आणि त्याच दिवशी खाप्यापासून सावनेरपर्यंत सगळ्यांना सांगितलंही असतं. आणि खरं दुखणं तोंडावर सांगणारी एकटी यमुताईच होती. माणसाला राग ज्याचा येतो, पोट दुखायला लागलं की त्याचीच आठवण येते.

यमुताईनं ओळख दिली नाही. म्हणाली, "आज संध्याकाळी झाडाले सांगून येते, उद्या सकाळी घेऊन येते. अन् पथ्य हाये."

"संत्रं बंद ना? करतो बंद."

"संत्रे खा तुम्ही पोटभर. पथ्य एकच. औषध पोटात जाईपर्यंत एक शब्द बोलाचा नाही."

"दुसरं काहीतरी द्या ना बाई. वांगं, भात, काही..."

"सुरू झालं पथ्य."

शिवनीचे व्यापारी बाहेर आले तेव्हा चष्म्याखालून घामाची धार लागली होती. आपलंच शस्त्र ओळखायला माणसाला वेळ लागत नाही.

होळीची सकाळ. शिवनीवाले उजाडताच येऊन आत बाकावर एका बाजूनं टेकले होते, मफलर घट्ट. यमुताई झाडाकडे गेलेली. तेवढ्यात चंद्रभान चार हमाल आणि टायरांची चळत घेऊन हजर. आणि समोरून यमुताई आली. तिच्या हातात बहाव्याच्या शेंगा. तुम्ही पाहिल्या असतील, हातभर लांब, काळ्या, पोलिसाच्या दंड्यासारख्या. तिनं त्या छातीशी धरल्या होत्या आणि ओठ मिटलेले.

"ताई, आज होळी," चंद्रभान म्हणाला. "बोर्ड पाठमोराच हाये. भरू ना टायर?"

यमुताई गप्प.

"काहून बोलून नाही राहिली? राग आला का?"

तिनं शेंगा उचलून 'नाही, थांब' अशी खूण केली. चंद्रभान दोन हात मागं सरला. "दंडे घेऊन आली! पाहा रे, मले माराले दंडे आणले!"

तिनं मान हलवून आतल्या माणसाकडे बोट दाखवलं. चंद्रभाननं डोकावून पाहिलं. "हा कोण? काय हो, तुम्ही पेशंट आहात का?"

शिवनीवाले गप्प. पथ्य होतं ना.

"बोला ना! हाव का नाही?"

शिवनीवाल्यांचा मफलर आतून फुगला, पुन्हा बसला. शब्द नाही. दारात ती मुकी, आत हा मुका. चंद्रभान माझ्याकडे वळला, "पेंटर, दोघाइलेही काही लागीर झालं का गा?" मी सांगू शकलो असतो. पण अशा वेळी मधे बोलणाऱ्या माणसाला गोष्ट सांगण्याचा अधिकार राहत नाही.

"मंग समजलं मी," चंद्रभान म्हणाला. "नाही बोलली म्हणजे हाव. भरा रे!"

पहिला टायर घरंगळत आत गेला. मग दुसरा. हमाल रचायला लागले. खल खोलीच्या कोपऱ्यात होता. त्याच्यापुढं टायर चढत गेले आणि तो दिसेनासा झाला. यमुताई दारात उभी, डोळ्यांत पाणी, ओठ पांढरे. एक शब्द बोलली असती तर टायर थांबले असते आणि शेंगा वाया गेल्या असत्या. पुन्हा झाडाला सांगेपर्यंत होळी पेटून विझली असती, आणि तिची मुदतही. ती बोलली नाही. तिनं फक्त आत पाहिलं.

आणि टायरांच्या मागून गर्जना झाली.

"थांब रे टायरच्या!"

मफलर उडाला. चष्मा उडाला. टायरवर चढून एक माणूस उभा राहिला.

"मी पेशंट हाये! मी महालातला भैय्याजी! माहा कोठा जाम हाये, संक्रांतीपासून! ऐकलं का सगळ्याइनं? जाम हाये!"

ऐकलं नसतं कसं? अमरावतीकडे जाणारे ट्रक थांबले. क्लीनर टपावरून उतरले. आणि भैय्याजींचं एकदा तोंड सुटलं की ते काही आवरतं का? दिवसरात्रीचं साठलेलं बोलणं बाहेर पडलं. हातगुण म्हणजे काय, पहिल्या पेशंटचा मान काय, खलासमोर टायर रचणाऱ्याला कोणता नरक, सगळं सांगितलं. हमाल ऐकत उभे राहिले. तेवढ्यात यमुताई टायरांमधून वाट काढत कोपऱ्यात पोचली, शेंगा फोडून खलात टाकल्या, आणि मग जो श्वास सोडला तो दत्तवाडीपर्यंत लागला असावा.

"झालं भाषण?" तिनं विचारलं. "बसा आता खाली."

तिनं काळा गर कोमट पाण्यात कालवला, गाळला आणि भैय्याजींना पाजला. त्यांनी तो प्यायला, ओठ पुसले आणि भाषण पुढं चालू केलं. ड्रायव्हर टायरांवर बसले. त्या दिवशी वाडीतून एकही ट्रक वेळेवर सुटला नाही. दुपार झाली. उन्हं कलली. भैय्याजी "वैद्यानं कधीही" इथपर्यंत आले, आणि थांबले. चेहऱ्यावर असा भाव आला, जसा फार दूरची गाडी ऐकू आल्यावर स्टेशनमास्तरच्या चेहऱ्यावर येतो.

"लोटा!" ते म्हणाले.

लोटा इतवारीत, कोळ्याकडे. एका सरदारजी ड्रायव्हरनं झटकन रेडिएटरचा डबा पुढं केला. भैय्याजींनी तो घेतला आणि गोदामामागच्या वावराकडे जे धावले, ते धोतर सांभाळणाऱ्या माणसाचं धावणं नव्हतं. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त वावरातले पोपट उडालेले पाहिले. वाडीच्या लोकांनी अशी बोंब ठोकली की संध्याकाळी होळी पेटल्यावर कोणाच्या घशात आवाजच उरला नव्हता.

परत आले तेव्हा माणूस हातभर उंच दिसत होता.

चंद्रभान मात्र व्यापारी. तो म्हणाला, "पण पथ्य त मोडलं यानं! औषधाच्या आधी बोलला हा. मंग गुण कसा धराचा?"

सगळे भैय्याजींकडे पाहायला लागले. त्यांना तिथून सुटता आलं असतं. यमुताईही काही बोलली नाही, आणि आता तर तिच्यावर काही बंधन नव्हतं. भैय्याजींनी तो खास खोकला काढला. मग तो अर्ध्यातच सोडून दिला.

"मोडलं. साऱ्या वाडीसमोर मोडलं. पथ्य पाळून बरा झालो असतो, त मी म्हटलं असतं पथ्याचा गुण. पथ्य मोडूनही बरा झालो. आता याले काय म्हणाचं, चंद्रभान? याले हातगुण म्हणतात, बाप्पा."

ते बोर्डापाशी गेले आणि टाचा उंचावून त्यांनी तो फिरवला. आतल्या बाजूनं कोळ्यानं जाळं बांधलं होतं. भैय्याजींनी ते लोकरीच्या मफलरनं पुसलं, आणि माझी अक्षरं बाहेर आली: यमुनाबाई रामटेके, जडीबुटी दवाखाना. मी जरा जोरात रंगवली होती ती, लांबून ट्रकवाल्यांना दिसावीत म्हणून.

"बोर्ड सरळ नाही टांगला," यमुताई म्हणाली. "डावीकडून खाली हाये."

भैय्याजींनी निमूट सरळ केला. चंद्रभाननं हमालांना टायर बाहेर काढायला सांगितलं.

इतवारीत परतल्यावर भैय्याजींनी सगळ्यांना सांगितलं की ते मुद्दाम वेष पालटून यमुताईची परीक्षा घ्यायला गेले होते. बायजाबाई अडकित्ता खाली ठेवून म्हणाल्या, "हाव गा. पेपर तिनं सोडवला अन् घाम तुम्ही गाळला. निकाल वाडीच्या वावरात लागला हाये, ज्याले पाहाचा त्यानं पाहून याचं."

मी पाहून आलो. त्या वावरात त्या साली ज्वारी एवढी उंच झाली की कणसं खुडायला मजूर चंद्रभानच्या ट्रकच्या टपावर चढले होते. ट्रक तोच, 'बुरी नजरवाले तेरा मुँह'वाला. 'काला' लिहायचं त्या गडबडीत राहून गेलं, ते अजून राहिलंच आहे.